नानांचा डी ड्राइव्ह 'इनव्हॅलिड' : दोन डायनॅमिक डिस्क, मदत हवी आहे

पोटमाळा | ५ जून, २२:४०

मंडळी, मदत हवी आहे, आणि शक्यतो पाऊस धरायच्या आत.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली, सध्या कांदिवलीला भाड्याने राहतोय. सामान हलवताना नानांचा (माझे वडील) जुना पीसी माळ्यावरून खाली आला. चालू केला तर पंखा फिरतो, स्क्रीनवर काही नाही. मदरबोर्ड गेला म्हणे. म्हटलं जाऊ दे, डिस्क तर आहेत. आत दोन निघाल्या, एक ५०० जीबीची आणि एक १ टीबीची. यूएसबीचं केसिंग आणलं आणि माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला एक लावून बघितली. माय कॉम्प्युटरमध्ये काहीच आलं नाही. डिस्क मॅनेजमेंट (विंडोजची डिस्कची यादी दाखवणारी खिडकी) उघडलं तर तिथे 'डायनॅमिक' आणि त्याखाली 'इनव्हॅलिड'. दुसरी लावली, तेच. राइट क्लिक केलं की 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क' दिसतं. ते दाबावं की काय या विचारात दोन दिवस गेले.

लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत विचारलं. एकाने डिस्क हातात न घेताच अठरा हजार सांगितले, वर 'गॅरंटी नाही'. दुसरा म्हणाला फॉरमॅट मारून देतो, दोनशे रुपये. दोघांनाही 'डायनॅमिक म्हणजे काय' विचारलं, दोघांनीही विषय बदलला.

आत चाळीच्या गणपतीचे वीसेक वर्षांचे फोटो आहेत आणि भजनी मंडळाची रेकॉर्डिंग. नाना पेटीवर असायचे. दुसरी प्रत कुठेही नाही. (हो, माहीत आहे. शिव्या नंतर द्या.)

---

रिकामटेकडा | ५ जून, २२:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

बिट्सवाला_मुलुंडकर | ५ जून, २३:०५

पोटमाळा, आधी हात मागे घे. 'कन्व्हर्ट टू बेसिक' दाबायचं नाही. 'इनिशियलाइझ करू का' असं विचारलं तर कॅन्सल. डिस्क केसिंगमधून काढून ठेव आणि तीन प्रश्नांची उत्तरं दे:

जुन्या पीसीवर विंडोज कुठलं होतं? नानांना डी ड्राइव्ह केवढा दिसायचा? आणि सी ड्राइव्ह या दोनपैकीच एकीवर होता की वेगळा?

---

पोटमाळा | ५ जून, २३:३१

नाना जागेच होते, विचारून घेतलं. विंडोज सेव्हन प्रोफेशनल. सी साठी तिसरी छोटी डिस्क होती, ती आधीच मेली आहे. डी 'दीड टीबीला थोडा कमी' दिसायचा.

आणि एक गोष्ट आत्ता कळली. ही दोनाची एक करण्याची आयडिया नानांचीच. २०११ च्या शेवटी थायलंडला पूर आला होता, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे भाव भडकले. २०१२ च्या सुरुवातीला त्यांना २ टीबी घ्यायची होती, परवडली नाही. मग १ टीबी घेतली आणि जुनी ५०० ची तिला 'जोडली'. एका मित्राने डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून करून दिलं होतं म्हणे.

---

बिट्सवाला_मुलुंडकर | ६ जून, ००:१४

मग कोडं सुटलं. याला स्पॅन्ड व्हॉल्यूम म्हणतात. ५०० अधिक १००० म्हणजे विंडोजच्या हिशोबाने सुमारे १.३६ टीबी, म्हणून 'दीडला थोडा कमी'. डी हा एकच ड्राइव्ह आहे आणि तो दोन डिस्कवर पसरलाय. एक-एक करून लावलीस तर कधीच उघडणार नाही. दोन्ही एकाच वेळी लागतात.

आता डायनॅमिक म्हणजे काय, ते चाळीच्या भाषेत सांगतो. साध्या म्हणजे बेसिक एमबीआर डिस्कवर अगदी पहिल्या सेक्टरला पार्टिशनची यादी असते. गेटावर पाटी असावी तशी: अमुक खोली इथून सुरू, तमुक तिथे संपते. जागा चारच नावांची. डायनॅमिकमध्ये गेटावरच्या पाटीवर एकच ओळ उरते, 'ही सगळी जागा एलडीएमची'. कोड क्रमांक ४२, हेक्साडेसिमलमध्ये. खोल्यांची खरी यादी डिस्कच्या शेवटच्या १ एमबीत एका छोट्या डेटाबेसमध्ये जाते. एलडीएम म्हणजे लॉजिकल डिस्क मॅनेजर, विंडोज २००० बरोबर आला, मायक्रोसॉफ्ट आणि व्हेरिटास या कंपनीने मिळून केलेला.

यातली गंमत अशी की ग्रुपमधल्या प्रत्येक डिस्कवर सगळ्या डिस्कची यादी असते. प्रत्येक बिऱ्हाडाकडे सगळ्या सोसायटीच्या रजिस्टरची प्रत. त्यामुळे तुझ्या ५०० वाल्या डिस्कला अजून माहीत आहे की तिचा उरलेला डी कुठल्या डिस्कवर आहे. मदरबोर्ड मेल्याने त्यातलं काहीही पुसलं गेलेलं नाही.

'इनव्हॅलिड' का आलं? विंडोज यूएसबीवरची डायनॅमिक डिस्क मानतच नाही. तो शब्द वाचून लोकांना वाटतं डिस्क बाद झाली. ती तशी नाही, फक्त या दारातून तिला आत घेत नाहीत.

---

रेवती_ठाकुरद्वार | ६ जून, ०९:२०

वा, रजिस्टरचं उदाहरण आवडलं. म्हणजे मी कॉलेजात असताना माझ्या लॅपटॉपचं जे झालं होतं ते हेच! विंडोज सेव्हनचा लॅपटॉप, कंपनीने आधीच चार पार्टिशनं करून दिलेली: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि त्यांच्या युटिलिटीचं एक चिमुकलं. मला अभ्यासासाठी वेगळा ड्राइव्ह हवा होता म्हणून सी आकसून नवीन करायला गेले, तर एक पिवळ्या त्रिकोणाची खिडकी आली, भलामोठा मजकूर. मी 'येस' केलं. डायनॅमिक म्हणजे काहीतरी फास्ट असेल असं वाटलं होतं!

---

पेंग्विन_परळ | ६ जून, ०९:४४

ती खिडकी विंडोज सेव्हनच्या काळात निम्म्या कॉलेजच्या पोरांनी 'येस' केली आहे. चार प्रायमरी पार्टिशनं भरली की पाचवं करायला विंडोज गुपचूप डायनॅमिकचा रस्ता दाखवायचं. जाताना एकही फाइल हलत नाही, दोन सेकंदांत होतं. परत यायचं म्हटलं की डिस्क मॅनेजमेंट सांगतं, आधी सगळे व्हॉल्यूम डिलीट करा. तोवर 'कन्व्हर्ट टू बेसिक' राखाडीच राहतं. जाणं फुकट, येण्याचं भाडं सगळा डेटा.

आणि मग आमच्याकडे यायचे, 'उबंटू लाव' (म्हणजे लिनक्स). इन्स्टॉलरला संपूर्ण डिस्क एकच अनोळखी तुकडा दिसायची. किती जणांना हात जोडून परत पाठवलंय.

---

कट_टू_कट | ६ जून, ११:०२

बाजू घेतोय असं समजू नका, पण डायनॅमिकचा उपयोग होता. मी अंधेरीला एडिटिंग करतो. पूर्वी दोन सारख्या डिस्कचा स्ट्राइप्ड व्हॉल्यूम करायचो, ६४ केबीचा एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर. दोन्ही हात एकदम चालतात. साध्या हार्ड डिस्कवर कच्चं फुटेज चालवायला फरक जाणवायचा. पण त्यावर फक्त अशी गोष्ट ठेवायची जी उद्या गेली तरी कार्डावरून परत कॉपी होईल. एक डिस्क गेली की स्ट्राइपमधली प्रत्येक मोठी फाइल चाळणी होते. आता एसएसडी आल्यावर मी हा उद्योग बंद केला.

---

पेन्शनर_पार्लेकर | ६ जून, १२:३५

माझ्याकडे मिरर आहे, अजून चालू आहे. दोन डिस्कवर एकच मजकूर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. मी तेव्हा सोसायटीचे हिशोब करत होतो, पीसी धाडकन बंद. वीज आल्यावर चालू केला तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रीसिंकिंग' आणि टक्के. संध्याकाळपर्यंत पीसी गोगलगाय. मला वाटले डिस्क गेली. पण तो फक्त दोन्ही प्रती पुन्हा जुळवत होता.

अवांतर: लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिले आहे. टॅक्सीवाल्याला मात्र ते सांगून बघू नये.

---

रिकामटेकडा | ६ जून, १२:४१

काका, मिररवर चुकून फाइल डिलीट केली तर?

---

पेन्शनर_पार्लेकर | ६ जून, १२:५८

दोन्हीकडून जाते, तत्परतेने. एकदा अनुभव घेतला आहे. म्हणून तिसरी डिस्क कपाटात आहे.

---

हापूस_ते_हार्डवेअर | ६ जून, १४:१५

एवढं कशाला? बाजारात पैसे देऊन पार्टिशनची सॉफ्टवेअरं मिळतात, डेटा न घालवता डायनॅमिकचं बेसिक करतात. मी दोनदा केलंय.

---

बिट्सवाला_मुलुंडकर | ६ जून, १४:५०

तू केलंस ते बहुधा सिंपल व्हॉल्यूम असणार, म्हणजे एकाच डिस्कवर सलग बसलेला. तिथे ते जमतं, कारण मजकूर जागेवरच राहतो, फक्त यादी शेवटच्या १ एमबीतून उचलून परत गेटावरच्या पाटीवर लिहायची असते. टेस्टडिस्क या फुकटच्या प्रोग्रामनेही लोक करतात. दोन डिस्कवर पसरलेला डी एका पाटीवर कसा लिहिणार? बेसिकमध्ये 'उरलेली खोली पलीकडच्या बिल्डिंगमध्ये' असं लिहायची सोयच नाही.

आणि एकुलती एक प्रत असताना मूळ डिस्कवर काहीही लिहिणारं सॉफ्टवेअर मी चालवणार नाही, फुकटचं असो की पैशाचं.

पोटमाळा, माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, साटाचे पोर्ट (डिस्क यूएसबीशिवाय थेट आत जोडायच्या जागा) मोकळे आहेत, विंडोज १० प्रो आणि उबंटू दोन्ही आहे. रविवारी मुलुंडला ये. दोन्ही डिस्क घेऊन ये, आणि निदान २ टीबीची एक नवी डिस्क. रिक्षात मांडीवर ठेव, सीटवर नको.

---

पोटमाळा | ६ जून, १५:०३

येतो! जुन्या टॉवेलात गुंडाळून आणतोय. नानांनाही यायचंय.

---

मालाडची_मनी | ७ जून, १०:१०

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: आज कोणाला दोन डिस्कची एक करायची असेल तर हेच करायचं का? आमच्याकडे तीन जुन्या पडल्या आहेत.

---

पेंग्विन_परळ | ७ जून, १०:३२

नको. मायक्रोसॉफ्टनेच डायनॅमिक डिस्कला 'डेप्रिकेटेड' म्हटलंय, म्हणजे चालतं पण यापुढे यावर भिस्त ठेवू नका. अपवाद एकच ठेवलाय, विंडोज ज्या व्हॉल्यूमवर आहे त्याचा मिरर. बाकीसाठी स्टोरेज स्पेसेस वापरा म्हणतात, ते २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे. त्यात मिरर, पॅरिटी (एक डिस्क गेली तरी तिचा मजकूर बाकीच्यांवरून परत काढता येतो) सगळं आहे आणि यूएसबी डिस्कही चालतात.

पण तुमच्या तीन जुन्या डिस्क जोडून एक करू नका, कुठल्याच पद्धतीने. तीन म्हातारे एका दोरीला बांधून डोंगर चढवल्यासारखं होईल. वेगवेगळ्या ठेवा, एक गेली तर एकच जाईल. आणि आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवून डिस्कची तब्येत बघा.

---

पोटमाळा | ९ जून, २३:४८

वृत्तांत. लांब आहे, पण तुमचा हक्क आहे.

रविवारी अकराला आम्ही दोघं मुलुंडला पोचलो. बिट्सवाल्यांनी डेस्कटॉपचं एक झाकण काढून ठेवलेलंच होतं. दोन्ही डिस्क आत लावल्या, विंडोज सुरू, डिस्क मॅनेजमेंट. ५०० वाली दिसली, यावेळी 'इनव्हॅलिड' नाही, 'फॉरेन'. म्हणजे परक्या पीसीतून आलेली. १ टीबी मात्र गायब. राइट क्लिक केल्यावर 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स' आलं, त्यांनी ते उघडून मला दाखवलं. पुढच्या खिडकीत व्हॉल्यूमसमोर लिहिलं होतं 'डेटा इनकम्प्लीट'. म्हणाले, "हे वाचायला लोक थांबत नाहीत. ओके दाबलं की अर्धवटच इम्पोर्ट होतं." कॅन्सल केलं, पीसी बंद केला.

१ टीबीच्या पॉवरची पिन नीट बसली नव्हती. दाबून बसवली. डिस्क फिरू लागली तसा एक बारीक कुरकुर आवाज, नाना लगेच म्हणाले, "हा तिचा नेहमीचा." बिट्सवाल्यांचा चेहरा मात्र बदलला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ५०० निळी, 'गुड'. १ टीबी पिवळी, 'कॉशन'. पेंडिंग सेक्टर २४. म्हणजे २४ जागा अशा ज्या डिस्कला स्वतःलाच धड वाचता येत नाहीत.

इथे त्यांनी बेत बदलला. इम्पोर्ट केलं की विंडोज त्या डेटाबेसमध्ये स्वतःचं काहीतरी लिहितं, शिवाय ड्राइव्ह उघडला की इंडेक्सिंग वगैरे सुरू. आजारी डिस्कवर ते नको. विंडोज बंद, उबंटू सुरू. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावून १ टीबीची जशीच्या तशी प्रत माझ्या नव्या डिस्कवर एका फाइलमध्ये घ्यायला सुरुवात. नवी मी ४ टीबीची नेली होती, प्रतही तिथेच आणि फोटोही तिथेच असले तरी २ वरही भागलं असतं असं नंतर कळलं. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं उचलतं, अडलेली जागा वहीत टिपून पुढे जातं, मग परत येऊन तिथे खरवडतं.

याला साडेचार तास लागले. तेवढ्यात जेवण झालं (काकूंची वालाची उसळ, नानांनी दोनदा घेतली), पंचांगावर चर्चा झाली, एक सर येऊन गेली. शेवटी स्क्रीनवर आकडा: न वाचता आलेला भाग ८ केबी. एका टीबीतले ८ केबी.

मग १ टीबीची मूळ डिस्क काढून बाजूला ठेवली. तिच्याऐवजी ती प्रतीची फाइल लूप डिव्हाइस म्हणून लावली, म्हणजे उबंटूला ती डिस्कच वाटते. आणि एलडीएमटूल नावाच्या छोट्या प्रोग्रामला सांगितलं, ही डिस्क आणि ही फाइल अशा दोन ठिकाणी वाच. मग 'क्रिएट ऑल'. एक ओळ आली, व्हॉल्यूमचं नाव, त्यात नानांच्या जुन्या पीसीचं नाव! तो पीसी मरून पडलाय, पण डिस्कच्या त्या शेवटच्या १ एमबीत त्याचं नाव जिवंत होतं. 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून माउंट केलं आणि फोल्डर उघडले. 'गणपती २००६', 'गणपती २००७', 'भजन', 'भजन नवीन', 'भजन नवीन (२)'.

एकूण ६१२ जीबी कॉपी झालं. तीन व्हिडिओ मध्ये अडखळतात, बाकी सगळं सुखरूप.

---

रेवती_ठाकुरद्वार | १० जून, ०८:०५

त्या पीसीच्या नावाशी थांबले. किती छान लिहिलंय. २००६ च्या फोटोत आम्हीही असू कदाचित, आमची चाळ मागच्याच गल्लीत होती!

---

मालाडची_मनी | १० जून, ०८:४०

अभिनंदन! आता त्या ५०० वाल्या चांगल्या डिस्कचं काय? परत वापरता येईल?

---

बिट्सवाला_मुलुंडकर | १० जून, ०९:३०

येईल. पण कॉपी केलेल्या फोल्डरमधल्या फाइली आधी उघडून बघा, नुसता आकडा जुळला म्हणून भागत नाही. भजनं शेवटपर्यंत ऐकायचं काम नानांकडे दिलंय.

नंतर डिस्क साटाला लावून व्हॉल्यूम डिलीट करायचा, मग 'कन्व्हर्ट टू बेसिक' उजळतं. डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं टाइप करून चालवायचं डिस्कचं साधन) 'क्लीन' नेही होतं, एका शब्दात. पण आधी 'लिस्ट डिस्क' करून आकार बघा आणि मगच 'सिलेक्ट'. क्लीन विचारत नाही, 'नक्की का' म्हणत नाही. मी एकदा रात्री दोनला शून्याऐवजी एक टाइप केलं होतं. पुढचं विचारू नका.

१ टीबीवाली परत वापरू नका. कपाटातही 'असू दे' म्हणून ठेवू नका, कोणीतरी चांगली समजून लावेल. तिच्यावर मार्करने फुली मारा.

---

हापूस_ते_हार्डवेअर | १० जून, १०:१२

माझा मुद्दा मागे घेतो. माझ्या दोन्ही वेळा एकच डिस्क होती, आता लक्षात आलं.

---

कट_टू_कट | १० जून, ११:२६

अडखळणारे तीन व्हिडिओ मला पाठव. ८ केबी गेलेत म्हणजे बहुतेक काही फ्रेमच गेल्या असतील, त्या कापून जोडून देतो. पैसे नकोत, भजन ऐकव.

---

पोटमाळा | १० जून, २१:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. @कट_टू_कट, उद्याच पाठवतो. @रेवती, २००६ चे फोटो चाळून बघतो, मांडवाच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या मुलींपैकी कोणीतरी असाल.

आता फोटो आणि भजनं दोन वेगळ्या डिस्कवर आहेत, एक घरी, एक बहिणीकडे ठाण्याला. दोन्ही बेसिक, दोन्हीवर एकेकच पार्टिशन. नानांना नवीन मांडणी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही डिस्क हातात घेऊन वजन केल्यासारख्या बघितल्या आणि म्हणाले, "दोन कशाला? जोडून एकच डी करून टाक ना, शोधायला बरं पडतं."

---

रिकामटेकडा | १० जून, २१:५९

नानांना स्क्रूड्रायव्हर देऊ नका.